पळणाऱ्याला सूट, बांधलेल्याला कर

"कर हा शेटजींचा विषय. भरतात ते, बुडवतात बी तेच. आपल्याला काय त्याचं?" अभ्यासवर्गात मी हा विषय काढला की कुणीतरी हमखास असं म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. त्यापेक्षा शिष्यवृत्तीचं बोला, म्हणतात. ठीक आहे. शिष्यवृत्तीचंच बोलतो.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचे मिळून ५९,०४८ कोटी रुपये मंजूर केले. पेपरात मोठाले मथळे आले. त्यातला केंद्राचा वाटा ३५,५३४ कोटी. म्हंजे वर्षाला साधारण ७,१०० कोटी. आता सव्वा वर्ष मागं चला. २० सप्टेंबर २०१९. गोव्यात जीएसटी कौन्सिलची बैठक होती. त्या दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं की इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना ३० ऐवजी २२ टक्के कर, आणि नव्यानं निघणाऱ्या कारखानदार कंपन्यांना १५ टक्के. त्या दिवशीच्या सगळ्या सवलती धरून तिजोरीला वर्षाला किती तोटा, तो आकडाही सरकारनंच सांगितला : १ लाख ४५ हजार कोटी. भागाकार करून बघा. देशभरातल्या आपल्या पोरापोरींना केंद्र वर्षाला जे देणार, त्याच्या वीसपट रक्कम एका सकाळी सोडून दिली. त्या दिवशी तिजोरीत खडखडाट आहे असं कुणी म्हणालं नाही. शेअर बाजार उसळला, पेढे वाटले गेले.

सोडून का दिली? कारण बाकीचे देश कमी घेतात. आपण जास्त मागितलं तर भांडवल त्यांच्याकडं जाईल. या भीतीला अर्थशास्त्रात नाव आहे : करस्पर्धा. यावर साठ-सत्तर वर्षं संशोधन चाललंय, जाडजूड ग्रंथ झालेत. आपल्या वर्गात त्यातलं एक पान उघडलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून हा लेख.

करस्पर्धा म्हंजे काय हे मजूर नाक्यावर उभं राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही. मुकादम येतो. एकजण आठशे म्हणतो, दुसरा सातशेला तयार होतो, तिसऱ्याच्या घरात आजारपण, तो पाचशेला जातो. दुसऱ्या दिवशी साऱ्या नाक्याचा भाव पाचशे. काम तेवढंच, माणसं तेवढीच, कुणाला जास्तीचा दिवस मिळाला नाही. फक्त मुकादमाचं भलं झालं. आता नाक्यावर माणसांच्या जागी देश उभे करा आणि मुकादमाच्या जागी भांडवल. १९८५ साली जगभरातल्या कंपनी कराचा सरासरी दर ४९ टक्के होता, २०१८ साली २४. निम्मा. हा हिशेब टॉर्सलॉव्ह, विअर आणि झुकमन या तीन अर्थतज्ज्ञांनी मांडलाय. त्यांनीच दाखवलं की २०१५ साली बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपल्या देशाबाहेर कमावलेल्या नफ्यातला ३६ टक्के नफा करबुडव्या बेटांवर आणि तसल्याच देशांत कागदोपत्री नेऊन ठेवला. ना मजूर तिकडं गेले, ना यंत्रं गेली. फक्त कागद गेले.

या शास्त्राची सुरुवात कशी झाली ती गंमत बघा. १९५६ साली अमेरिकेत चार्ल्स टीबू नावाच्या अर्थतज्ज्ञानं एक निबंध लिहिला. सार असं की एका गावाचा कर पटत नसेल तर माणूस दुसऱ्या गावी जाईल. पायांनीच मतदान करेल, आणि मग सगळी गावं आपोआप नीट वागतील. निबंधातली गृहीतकं वाचा. माणसं हवं तिथं मोकळेपणी जाऊ शकतात. रोजगाराची अडचण कुणालाच नाही. सगळे लाभांशावर जगतात! माझा आजा येसकरपाळी करत होता. त्याला जर कुणी म्हटलं असतं, बाबा पायांनी मतदान कर, तर तो म्हणाला असता, आधी पाय तर सोडा. वेशीबाहेर घर, वतनाच्या तुकड्याला बांधलेलं सारं कुळ, आणि दुसऱ्या गावी गेलं तरी तिथलीही वेस तीच. १९४१ साली सरकारनं महार वतनाच्या जमिनींवरचा कर वाढवला तेव्हा बाबासाहेबांना सिन्नरला परिषद घेऊन लढावं लागलं. ती जमीन काही गाठोड्यात बांधून दुसऱ्या मुलुखात नेता येत नव्हती. आणि सरकारलाही ते पक्कं ठाऊक होतं.

पुढं १९८६ साली झोड्रो आणि मिएझकोव्स्की यांनी, आणि त्याच साली विल्सन यांनी वेगळ्यानं, टीबूची ही गोडगोड गोष्ट मोडून काढली. भांडवल मोकळं फिरतं आणि माणसं जागच्या जागी असतात असं धरलं, तर प्रत्येक सरकार भांडवल पळेल या भीतीनं कर कमी ठेवतं, आणि मग लोकांना लागणाऱ्या सार्वजनिक गोष्टी पुऱ्या पडत नाहीत. गणित स्वच्छ आहे. पण मी थांबलो ते एका ओळीपाशी : रहिवासी अचल आहेत असं गृहीत धरू. दोस्तांनो, त्यांच्या मॉडेलात आपलं सारं आयुष्य या एका ओळीत बसतं.

मायकेल कीन आणि मॉरिस मार्शां यांनी १९९७ साली त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. ते म्हणाले, पैसा नुसता कमी पडत नाही, तो वेडावाकडा खर्च होतो. भांडवलाला ओढून आणणाऱ्या गोष्टींवर प्रमाणाबाहेर आणि जागच्या जागी असणाऱ्या माणसांना लागणाऱ्या गोष्टींवर गरजेपेक्षा कमी. म्हंजे आठपदरी रस्ता होतो आणि वसतिगृहाचं छप्पर गळत राहतं. आपण याला सरकारची जातवादी दानत म्हणतो. ती आहेच. पण ज्या सरकारची दानत बरी असेल त्यालाही नाक्यावरची स्पर्धा त्याच बाजूला ढकलते, हे कीन-मार्शांनी दाखवलं, आणि ते आपण समजून घेतलं पाहिजे. नुसतं मंत्र्याला शिव्या देऊन हे सुटणारं नाही.

मग कर कोण भरतं? जो हलू शकत नाही तो. पगारदाराचा कर पगार हातात पडण्याआधीच कापतात. २०२३-२४ साली केंद्राकडं कंपन्यांच्या करापेक्षा व्यक्तींचा प्राप्तिकर जास्त जमा झाला. आणि ज्याला पगारही नाही, तो दुकानात भरतो. १८ जुलै २०२२ पासून पाकिटबंद पिठावर, दह्यावर ५ टक्के. वह्यांवर, पेन्सिलींवर तर १२ टक्के होता. तो सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये शून्यावर आणला. चांगलं केलं, पण आठ वर्षं घेतला. वस्तीतल्या पोरीला आपली वही मॉरिशसमार्गे विकत घेण्याची सोय नव्हती.

मॉरिशसचं नाव सहज आलेलं नाही. मी फोर्टातल्या एका हिशेबनिसाच्या ऑफिसात सात वर्षं कारकुनी केली. नाव सांगण्यात अर्थ नाही, तसली ऑफिसं शेकड्यांनी. तिथं पोर्ट लुईचे पत्ते मला पाठ झाले होते. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, डझनावारी कंपन्या. कुठल्याच कंपनीत माणूस नाही. सगळा खेळ १९८२ सालच्या भारत-मॉरिशस कर कराराचा. मॉरिशसच्या कंपनीनं भारतातले शेअर विकून नफा कमावला तर कर घेण्याचा हक्क फक्त मॉरिशसला, असं करारात लिहिलेलं. आणि मॉरिशसमध्ये तसल्या नफ्यावर करच नव्हता! दोन देशांनी दोनदा कर घेऊ नये म्हणून केलेला करार, आणि एकदाही द्यावा लागला नाही. २००० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत भारतात जी थेट परकी गुंतवणूक आली, तिच्यातली जवळपास एक तृतीयांश त्या मुंबईहून लहान लोकसंख्येच्या बेटावरून आली. त्यात इथलाच पैसा किती बाहेर जाऊन टोपी बदलून परत आला, ते इथल्या शेटजींनाच विचारा.

२००० साली केंद्राच्या प्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढलं की मॉरिशसचा रहिवासाचा दाखला दाखवला की पुरे, पुढं चौकशी नको. दाखला! आपल्या पोराला जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून कुटुंब इथंच राहत होतं याचा पुरावा आणावा लागतो. आज्याची शाळा नव्हती तर आज्याच्या शाळेचा दाखला कुठून आणणार? आणि मग पडताळणी समितीच्या खेपा. तिकडं काचेच्या इमारतीतल्या बिनमाणसांच्या कंपनीला एक कागद पुरला. दिल्ली हायकोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते परत उभं केलं. विकसनशील देशाला भांडवल हवं असेल तर अशा गोष्टींकडं डोळेझाक करावी लागते, असा त्या निकालाचा सूर. शेवटी १० मे २०१६ ला करार बदलला, १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवर भारताला हक्क मिळाला. चौतीस वर्षांनी. तोवर जे पळायचं ते पळून गेलं होतं, आणि दोनच वर्षांत गुंतवणुकीच्या यादीत सिंगापूरनं पहिला नंबर काढला.

पण मॉरिशसला शिवी देताना माझी जीभ अडखळते. त्या बेटावर १८३४ पासून गिरमिटात बांधून हिंदुस्थानातून लाखो मजूर नेले. त्यांत रत्नागिरीकडचे मराठी बोलणारेही होते. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. ऊसाच्या मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर मजुराला परवाना लागायचा, नसला तर तुरुंग. त्याच बेटावरून दीडशे वर्षांनी भांडवल मात्र बिनपरवाना ये-जा करू लागलं. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या त्या देशाकडं साखरेवाचून होतं काय? रवी कानबूर आणि कीन यांनी १९९३ साली दाखवलं की लहान देशाला दर पाडण्यात फायदाच दिसतो. घरचं थोडं सुटतं, बाहेरचं पुष्कळ येतं. नाक्यावर सगळ्यात आधी भाव पाडतो तो सगळ्यात नडलेला. त्याच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. पण त्याच निबंधात हेही आहे की सगळ्यांनी मिळून एक किमान दर ठरवला, तो नीट बेतला, तर भाव पाडणाऱ्या लहान देशाचंही भलं होतं. किमान वेतनाची मागणी करताना आपण दुसरं काय म्हणतो?

सगळेच नडलेले नसतात. आयर्लंड बघा. ॲपल कंपनीच्या एका उपकंपनीनं २०१४ साली युरोपातल्या नफ्यावर ०.००५ टक्के कर भरला. दहा लाख युरो नफ्याला पन्नास युरो. युरोपियन कमिशननं २०१६ साली हुकूम काढला की आयर्लंडनं ॲपलकडून १३ अब्ज युरो वसूल करावेत. तर आयर्लंड सरकारच कोर्टात गेलं, की आम्हाला हे पैसे नकोत! आठ वर्षं भांडले. १० सप्टेंबर २०२४ ला युरोपच्या वरिष्ठ कोर्टानं पैसे त्यांच्या गळ्यात घातले.

या सगळ्याचं समर्थन करणारेही पंडित आहेत. ब्रेनन आणि ब्यूकॅनन यांनी १९८० साली लिहिलं की सरकार म्हंजे खादाड राक्षस, देशादेशांत स्पर्धा लागली तर त्याच्या तोंडाला आपोआप मुसकं बसतं. आमच्याकडचे पांढरपेशे हे वाक्य फार आवडीनं वापरतात. सरकार राक्षस आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको, आम्ही त्याच्या लाठ्या खाल्ल्यात. पण मुसकं बांधलं की तो लाठी टाकत नाही. टाकतो ती वसतिगृहाची खाणावळ, झेडपीची शाळा, सरकारी दवाखाना. स्पर्धेच्या नावानं कुठल्या देशानं पोलिसांचं बजेट कापलं ते मला दाखवा.

"भांडवल पळतं हा निसर्गनियमच आहे, काय करणार?" हे दुसरं ठेवणीतलं वाक्य. डेव्हरू, लॉकवुड आणि रेडोआनो यांनी श्रीमंत देशांचे १९८२ ते १९९९ पर्यंतचे दर तपासले. निष्कर्ष असा की एकानं दर पाडला की दुसरा पाडतो हे खरं, पण ते मुख्यतः तिथं, जिथं भांडवलाच्या ये-जा करण्यावरची बंधनं उठवली होती. म्हंजे दार आधी कुणीतरी उघडलं. सही करून उघडलं. गुरुत्वाकर्षणानं नाही उघडलं. जातीलाही असंच निसर्गनियम म्हणत होते, आणि तेही शास्त्री-पंडितच होते.

आता सहकार्याचं. देशांनी नाक्यावर युनियन करावी हा विचार नवा नाही. पण ती युनियन कुणी लिहिली ते पाहा. राष्ट्रसंघानं दुहेरी करआकारणीचा प्रश्न चार तज्ज्ञांकडं सोपवला, १९२३ साली त्यांचा अहवाल आला. हॉलंडचे ब्रुइन्स, इटलीचे आइनाउदी, इंग्लंडचे स्टॅम्प आणि अमेरिकेचे एडविन सेलिग्मन. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद होता, पण टेबलावर वसाहतीतला एकही माणूस नव्हता. व्याज, लाभांश अशा उत्पन्नात कराच्या हक्काचं पारडं त्यांनी झुकवलं ते पैसेवाला राहतो त्या देशाकडं. पैसा जिथल्या घामातून निघाला त्या देशाकडं नाही. १९८२ च्या मॉरिशस करारातलं कलम याच विचाराचं पोर.

हे सेलिग्मन म्हंजे कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू. बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या ग्रंथाला १९२५ साली प्रस्तावना त्यांचीच. गुरू जगाचे कर कुणी कुठं घ्यावेत ते ठरवत होते, त्याच काळात शिष्य ब्रिटिश हिंदुस्थानात कोणत्या सरकारानं कोणता कर घ्यावा आणि कुणाच्या जिवावर, याची दप्तरं उलटत होता. एकाच शास्त्राची ही दोन टोकं. १९२७ साली मुंबई कौन्सिलात बजेटवर बोलताना बाबासाहेबांनी विचारलं होतं की व्यापाऱ्याला प्राप्तिकर एका मर्यादेनंतर लागतो, मग गुंठाभर जमीनवाल्या शेतकऱ्याकडून सारा पहिल्या गुंठ्यापासून का? आपण त्यांचे फोटो लावतो, पण त्यांची ही वही आपण बंद करून ठेवलीय.

२०२१ ची गोष्ट याच टेबलाची. ८ ऑक्टोबरला १३६ देशांनी मान्य केलं की ७५ कोटी युरोंपेक्षा मोठी उलाढाल असलेल्या कंपन्यांवर जगात कुठंही किमान १५ टक्के कर बसावा. भारतानंही सही केली. केनिया, नायजेरिया, पाकिस्तान, श्रीलंका यांनी केली नाही. किमान दर आला हे मी चांगलंच म्हणतो. पण मसुदा तयार झाला पॅरिसला, श्रीमंत देशांच्या संघटनेत. बाकीच्यांना नंतर बोलावलं. आपल्याकडं पंगतीत नंतर कुणाला बसवायचे ते ठाऊक आहे. आणि १५ च का? भारतात तेव्हा २२ होता. युनियनचा भाव नाक्यावरच्या भावापेक्षा खाली ठरला, तर ती युनियन कुणाची?

करारात आणखी एक भाग होता. गूगल-फेसबुकसारख्या महाकाय कंपन्यांच्या नफ्यातला थोडा हिस्सा त्यांचं गिऱ्हाईक जिथं आहे त्या देशांना. तो अडून बसला. जून २०२४ ची मुदत गेली, करारनामा सह्यांसाठी खुलाच झाला नाही. भारतानं २०१६ पासून स्वतःचा असा एक कर लावला होता, ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के, २०२० पासून परदेशी ई-व्यापारावर २ टक्के. दोन टक्केवाला १ ऑगस्ट २०२४ ला काढला, सहावाला १ एप्रिल २०२५ ला. हातातलं देऊन टाकलं आणि बदल्यात यायचं ते आलंच नाही. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पनं पहिल्याच दिवशी सांगितलं की हा करार अमेरिकेला लागू नाही. त्यांच्या संसदेत सूड उगवणाऱ्या कराचं कलम पुढं आलं. जूनमध्ये सात श्रीमंत देशांनी मान तुकवली की अमेरिकन कंपन्यांना किमान कराच्या मुख्य नियमांतून वगळू. मग सुडाचं कलम काढून घेतलं. नाक्यावरचा सगळ्यात दांडगा म्हणाला, युनियन करा, पण मला लागू नाही.

आफ्रिकेचे देश याच्या आधीच शहाणे झाले. करांचे नियम पॅरिसला नाही, संयुक्त राष्ट्रांत, सगळ्यांसमोर ठरवा, असा ठराव त्यांनी आणला. २२ नोव्हेंबर २०२३ ला मतदान झालं : १२५ बाजूनं, ४८ विरोधात, ९ तटस्थ. विरोधात अमेरिका, इंग्लंड, जपान, युरोपियन युनियनचे देश. भारत बाजूनं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला बोलणी सुरू झाली तेव्हा अमेरिका उठून गेली. बाकीचे बसले. मसुदा २०२७ मध्ये आमसभेपुढं ठेवायचा असं ठरलंय.

भारताचा प्रतिनिधी तिथं काय मागणार? ज्या देशात घाम गाळला गेला, माल विकला गेला, त्या देशाचा कराचा हक्क, की पुन्हा पैसेवाल्याच्या रहिवासाचा दाखला? लोकसभेत अनुसूचित जातींच्या ८४ राखीव जागा आहेत. तुमच्या भागातल्या खासदाराला पत्र टाकून विचारायला लावा, आणि उत्तर लेखी मागा. पत्रात १ लाख ४५ हजार कोटी आणि ७,१०० कोटी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. मसुदा मी करून ठेवलाय, मागाल त्याला पाठवीन.